'रोड' नावाची स्टेशनं आणि थांबणारी माणसं

रेल्वेच्या टाइमटेबलात गावाच्या नावापुढे 'रोड' लागलेलं दिसलं की समजावं, गाव इथे नाही. गावाकडे जाणारा रस्ता इथून सुरू होतो, एवढंच. अक्कलकोट रोडला पहिल्यांदा उतरणाऱ्या स्वामीभक्तांना हा धडा हमखास मिळतो. फलाटावरून बाहेर येऊन "देऊळ कुठंय?" म्हणून विचारावं, तर रिक्षावाला हसतो. देऊळ सुमारे ११ किलोमीटर लांब! आमच्याच जिल्ह्यातल्या कुर्डुवाडीला जुन्या कागदपत्रांत 'बार्शी रोड' म्हणायचे, आणि बार्शी तिथून चांगली २१ मैल. 'रोड' म्हणजे रेल्वेने दिलेली प्रामाणिक सूचना आहे : आमचं काम इथे संपलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

हे 'पुढचं तुमचं' कोण बघतं, हा या विकांताचा विषय. हल्ली याला 'इंटरमोडल' असं भारदस्त नाव आहे. माल एकच, पण थोडा प्रवास बोटीने, थोडा रेल्वेने, थोडा ट्रकने. विषय डोक्यात शिरला तो गावाकडच्या ओळखीतल्या एका मुलामुळे. वय बावीस-तेवीस, अक्कलकोट तालुक्यातला, घरात कानडी, शाळेत मराठी, ट्रकवर हिंदी. दुधनीच्या मार्केट यार्डातून तूर-उडीद नेणाऱ्या गाडीवर आधी क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला. त्याचा फोन आला, "दादा, कंटेनर लाइनला जाऊ का? तुम्ही पुण्यात असताव, तुमाला म्हाईत असंल." पुण्यात राहणाऱ्या माणसाला सगळं माहीत असतं हा गैरसमज आम्ही पुणेकरांनीच पसरवला आहे, त्यामुळे बोलणार कुणाला :) पण प्रश्न खरा होता. त्याच्या घरात कमावणारा तो एकटा आहे. मग तीन-चार शनिवार-रविवार याच वाचनात गेले. सापडलं ते असं.

रेल्वे यायच्या आधी आपल्याकडे माल हलवायचे ते वंजारी आणि लमाण लोक. बैलांच्या पाठीवर गोण्या लादलेल्या आणि बायकापोरांसकट सगळा तांडा चाललेला. त्यात एक गोष्ट चांगली होती. माल, वाहन आणि माणूस तिघंही शेवटपर्यंत एकत्र जायचे, मध्ये कुठे हस्तांतर नाही. तांडा थांबला तर स्वतःच्या मर्जीने थांबे, चारा-पाणी बघून.

मग जीआयपी रेल्वे आली. सोलापूरला रूळ पोचले १८६० मध्ये, आणि पुढे अक्कलकोट संस्थानातून, गुलबर्ग्यावरून हीच लाइन १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या लाइनला जाऊन मिळाली. शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत संपतं. पण मधली एक गंमत पुस्तकात नसते. खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला, घाटाखाली खोपोलीपर्यंत गाडी त्याच्याही आधी येत होती, आणि दोन्हींच्या मधला बोरघाट मात्र १८६३ पर्यंत तयार नव्हता. म्हणजे पाच वर्षं खंडाळ्याला सगळं उतरवायचं, बैलगाड्यांवर चढवायचं, घाट उतरायचा, आणि खोपोलीला पुन्हा रेल्वेत भरायचं. उतारूंसाठी पालख्या आणि तट्टं होती. सोलापूरला गाडी पोचली १८६० मध्ये, तेव्हा पहिली तीन वर्षं सोलापूरचा माल मुंबईला असाच गेला असणार. रेल्वे, बैलगाडी, रेल्वे. आज द्रुतगती मार्गावर वीकेंडला आपण ज्या घाटात तास तास अडकून कंटेनरवाल्यांच्या नावाने बोटं मोडतो, तिथेच हे चालायचं. इंटरमोडलचा इतिहास शोधायला अमेरिकेला जायला नको, लोणावळ्याला चिक्की घ्यायला थांबलात तरी पुरे.

एक शब्द मुद्दाम सांगतो : हुंडेकरी. हुंड्याशी संबंध नाही! हुंडेकरी म्हणजे माल ठरलेल्या भाड्यात इथून तिथे पोचवण्याचा ठेका घेणारा. स्टेशनपासून पेठेपर्यंतच्या 'पुढचं तुमचं' या भागाचा हा राजा. गाडीवान त्याच्याकडून भाडं घ्यायचा. आता व्यवहाराची रचना बघा. मालाचा मालक पेठेत, हुंडेकरी त्याच्या कचेरीत, स्टेशन मास्तर स्टेशनात. गाडी लेट झाली किंवा वॅगन लागली नाही तर उन्हात थांबणार कोण? गाडीवान आणि बैल. थांबलेल्या वेळात बैल काही खायचे थांबत नाहीत, पण भाडं ठरलेलं खेपेचं.

दोन वाहनांच्या सांध्यावर जो वेळ वाया जातो तो कुणाच्या तरी अंगावर टाकावाच लागतो, आणि तो टाकला जातो सर्वांत शेवटच्या माणसावर. पुढचा सगळा इतिहास वाचताना मला हेच दिसत राहिलं.

बार्शीचंच बघा ना. कापसाची मोठी पेठ, पण रेल्वे एकवीस मैल लांबून गेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर हा प्रश्न धरून बसला आणि १८९७ मध्ये त्याने बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. अडीच फुटी नॅरोगेज, आणि इंजिन असो वा डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, म्हणजे हलके रूळ चालतील असा हिशेब. (आम्ही प्रोग्रामर लोक याला 'कन्स्ट्रेंट आधी ठरवा, डिझाइन मग' असं म्हणतो आणि वर्कशॉप घेतो.) ही लाइन पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. बैलगाडीचे एकवीस मैल संपले. पण सांधा संपला का? नाही. तो कुर्डुवाडीला जाऊन बसला. नॅरोगेजचा डबा ब्रॉडगेजच्या रुळांवर चालत नाही, त्यामुळे गाठोडं न् गाठोडं हमालांनी एका डब्यातून दुसऱ्यात टाकायचं.

कॅलथ्रॉपलाही हे सलत असावं. कारण पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची नॅरोगेज लाइन १९०४ मध्ये उघडली, तेव्हा त्याने तिथे एक वेगळाच डबा वापरला. नॅरोगेजच्या त्या बसक्या गाड्यावर मोठ्या गेजचा आख्खा भरलेला डबाच चढवायचा. मालाला हात लावायचा नाही, वाहनच वाहनावर ठेवायचं! सोलापूर जिल्ह्यात नॅरोगेज बांधणाऱ्या माणसाने हे केलं याचा मला उगाचच अभिमान वाटतो. ही कल्पना पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

आता कंटेनर. माल्कम मॅकलीन हा अमेरिकेतला एक ट्रकवाला, आधी स्वतः ट्रक चालवणारा, मग मालक. तो एक गोष्ट सांगायचा. १९३७ मध्ये तो कापसाच्या गाठी घेऊन न्यू यॉर्कजवळच्या बंदरावर गेला आणि माल उतरायची वाट बघत दिवसभर ट्रकमध्ये बसून राहिला. एकेक गाठ दोरीने उचलून बोटीत जाताना बघून त्याला वाटलं, आख्खा ट्रकच का उचलत नाहीत? इतिहासकारांना ही गोष्ट फारशी पटत नाही, नंतर रचलेली वाटते. वाटू दे. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' नावाचं त्याचं जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं, ही मात्र नोंद आहे. सुटा माल बोटीत भरायचा खर्च तेव्हा टनामागे ५.८६ डॉलर होता, या पद्धतीने तो १६ सेंटांच्या आसपास आला. एवढ्या फरकापुढे कुणाचं काय चालणार?

गोष्ट खरी असो वा रचलेली, तिचा नायक थांबलेला ड्रायव्हर आहे. जगाचा व्यापार बदलणारी पेटी एका ड्रायव्हरच्या कंटाळ्यातून निघाली म्हणे. हे पुढच्या भागात ध्यानात राहू द्या.

भारतात पहिली कंटेनर बोट १९७३ मध्ये कोचीनला लागली. पहिला इनलँड डेपो, म्हणजे समुद्र नसलेल्या गावातलं 'कोरडं बंदर', १९८१ मध्ये बंगलोरला झाला. १९८८ मध्ये रेल्वेने कॉनकॉर ही कंपनी काढली आणि १९८९ च्या मे महिन्यात न्हावाशेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. आपल्या दृष्टीने कहाणी इथून. सोलापूरचे टर्किश टॉवेल परदेशी जातात ते बहुतेक याच वाटेने. कारखान्यात पेटी भरायची, सील लावायचं, आणि सुमारे ४०० किलोमीटर ट्रेलरने न्हावाशेवा.

मधल्या काळात हमालांसाठी एक मोठी गोष्ट घडली होती. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. पाठीवर ओझं वाहणाऱ्याला नोंदणी मिळाली, मजुरीचा हिशेब मिळाला, भविष्य निर्वाह निधी मिळाला. पुढे पेटी आली आणि पाठीवरचं ओझंच बऱ्याच ठिकाणी कमी झालं. क्रेन दोन-तीन मिनिटांत वीस-पंचवीस टन उचलते. हमालाचे श्रम पेटीने खाल्ले. ड्रायव्हरची वाट बघणं तेवढं खाल्लं नाही.

तर आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. नव्या ड्रायव्हरला या लाइनीत नक्की काय करावं लागतं?

लायसन्सचं बघू. ट्रान्सपोर्ट गाडीसाठी वय किमान २०, आणि आधी हलक्या गाडीचं लायसन्स एक वर्ष जुनं हवं. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये निघाली. ट्रान्सपोर्टचं लायसन्स दर पाच वर्षांनी नवं करायचं. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात ट्रेलर ही वेगळीच विद्या आहे. पुढच्या इंजिनवाल्या भागाला या लाइनीत सरळ 'घोडा' म्हणतात (बैल गेले, घोडा आला!), आणि मागचा चाळीस फुटी सांगाडा घोड्याला फक्त एका खुंटीवर जोडलेला असतो. रिव्हर्स घेताना मागचा भाग डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग आधी उजवीकडे. साध्या ट्रकवर तीन वर्षं काढलेल्याचा हातसुद्धा इथे सुरुवातीला चुकतो. डेपोत दोन पेट्यांच्या भिंतींमध्ये, मागे चार गाड्या हॉर्न मारत असताना, हे जमवायचं.

मग ट्विस्टलॉक. सांगाड्याच्या कोपऱ्यांवर लोखंडी खिट्ट्या असतात, त्या पेटीच्या कोपऱ्यातल्या भोकात फिरवून बसवायच्या. रस्त्यावर त्या उघड्या राहिल्या तर वळणावर पेटी सुटून पडू शकते. उलट, डेपोत त्या उघडायच्या राहिल्या तर क्रेन पेटीबरोबर ट्रेलरही उचलते. म्हणजे एकच खिट्टी, रस्त्यावर बंद हवी, क्रेनखाली उघडी हवी, आणि दोन्हींची जबाबदारी ड्रायव्हरची.

आत काय भरलंय ते त्याला दिसत नाही. सील लागलेलं असतं. तुरीच्या गाडीत पोतं कसं लागलंय ते तो स्वतः बघायचा, दोर स्वतः आवळायचा. इथे आतलं वजन एका बाजूला सरकलंय का, हे घाटातल्या वळणावरच कळतं. बोटीत चढणाऱ्या भरलेल्या पेटीचं वजन तपासून लिहून देणं १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं झालं, पण ते माल पाठवणाऱ्याने करायचं. वजन किती ते त्यातून कळतं, आत कुठे बसलंय ते नाही.

रिकामी पेटी उचलायची तर आत जाऊन, दारं बंद करून, अंधारात उभं राहायचं. कुठून उजेड आला तर भोक आहे. पाऊस आत जाणार, आणि नंतर टॉवेल भिजले की बोट ड्रायव्हरकडे. मला ही परीक्षा फार आवडली. सेन्सर नाही, ॲप नाही, फक्त काळोख.

कागद : ई-वे बिल, बंदराचा फॉर्म-१३, सील नंबर, पेटी देता-घेताना तिच्या अवस्थेची पावती. आणि पेटीचा नंबर. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक आकडा. हा शेवटचा आकडा आपल्यासारख्यांना खूश करणारा आहे. प्रत्येक अक्षराला १० पासून किंमत द्यायची (११, २२, ३३ वगळून), मग डावीकडून १, २, ४, ८ असं दुप्पट करत गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं, बाकी उरेल तो शेवटचा आकडा. बाकी १० आली तर ०. एखादं अक्षर किंवा आकडा चुकीचा टाइप झाला तर बहुतेक वेळा हिशेब जमत नाही आणि चूक पकडली जाते. मी त्या मुलाला हे फोनवर उत्साहाने समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी फोटो काढताव दादा." बरोबरच आहे!

आणि मग ते मुख्य काम, ज्याबद्दल कुणीच सांगत नाही : थांबणं. कारखान्यात पेटी भरेपर्यंत थांबा. कागद येईपर्यंत थांबा. बंदराच्या रांगेत थांबा. रिकामी पेटी परत घ्यायला डेपोत जागा नाही, थांबा. वॅगन वेळेत रिकामी केली नाही तर रेल्वे डॅमरेज लावते. पेटी वेळेत परत दिली नाही तर जहाज कंपनी डिटेन्शन लावते, तेही दिवसावर. ट्रक थांबला तर ट्रान्सपोर्टर हॉल्टिंगचं बिल लावतो, ठरलं असेल तर. लोखंडाच्या प्रत्येक तुकड्याच्या वेळेला भाव आहे. केबिनमधल्या माणसाला मात्र खेपेचा भत्ता, गाडीवानासारखाच. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं छापलेलं होतं. पण रांगेत इंजिन बंद करून बसलेला, दर दहा मिनिटांनी गाडी दोन हात पुढे घेणारा माणूस कामावर आहे की विश्रांतीवर? झोपला तर नंबर जातो.

आपल्या धंद्यातला माणूस म्हणून एक गोष्ट मला विशेष खटकते. बंदराची कार्यक्षमता मोजताना ट्रकचा 'टर्नअराउंड' धरतात तो गेटमध्ये शिरल्यापासून गेटबाहेर पडेपर्यंतचा. टाइमस्टँप गेटवर पडतो. गेटच्या बाहेर रांगेत गेलेली रात्र त्या आकड्यात येतच नाही. डेटाबेसमध्ये जी रो नाही ती घटना घडलीच नाही! सुंदर डॅशबोर्ड बघताना आपण हे विचारायला हवं, पहिला टाइमस्टँप कुठे पडतो?

जोखीमही केबिनमध्येच. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांनी देशभर गाड्या उभ्या केल्या होत्या आणि आपण पेट्रोलपंपावर रांगा लावल्या होत्या, आठवतंय? नव्या न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. संहिता जुलै २०२४ मध्ये लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. अपघातानंतर पळू नये हे मान्यच. पण जमाव जमल्यावर थांबलेल्या ड्रायव्हरचं काय होतं हेही आपण सगळे बघत आलोय.

असो. एक बरं म्हणजे १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. सोलापूरच्या मे महिन्यात केबिनमध्ये बसून बघितलेल्यालाच याची किंमत कळेल. जुन्या गाड्या मात्र अजून बरीच वर्षं रस्त्यावर राहतील, आणि नव्या ड्रायव्हरला मालक नवी गाडी देत नाही.

आता कॅलथ्रॉपची कल्पना. २६ जानेवारी १९९९ ला कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा 'रोरो' सुरू केली. भरलेला ट्रक रॅम्पवरून सरळ सपाट वॅगनवर चढवायचा, ड्रायव्हर-क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून कोकण बघत जाणार. घाट नाही, डिझेल नाही, टायर नाही. (२०२५ च्या गणपतीत खासगी गाड्यांसाठीही ही सोय केली होती, तुमच्यापैकी काहींनी चौकशी केली असेल.) आणि ३० ऑगस्ट २०२० ला अशीच गाडी बंगलोरजवळच्या नेलमंगलाहून सोलापूरजवळच्या बाळे स्टेशनसाठी निघाली. ६८२ किलोमीटर, एका फेरीत ४२ ट्रक, मार्ग धर्मावरम, गुंटकल, रायचूर, वाडी. नकाशा काढून बघा. वाडीहून सोलापूरकडे येणारी ती गाडी अक्कलकोट रोडवरूनच जाते. ज्या स्टेशनाबाहेर कधीकाळी गाडीवान वॅगनची वाट बघत बसायचे, तिथून बेचाळीस ट्रक ड्रायव्हरांसकट, न थांबता, वॅगनवर बसून पुढे!

मी हे त्या मुलाला अगदी रंगवून सांगितलं. झोप मिळेल, घाट टळेल, इंजिन वाचेल. तोपर्यंत तो कंटेनर लाइनला लागला होता, दोन खेपा झाल्या होत्या, पहिल्याच खेपेला बंदराबाहेर एक रात्र आणि अर्धा दिवस काढून आला होता. तो जरा वेळ गप्प राहिला.

"गाडी रेल्वेवर बसली तर किलोमीटर कुणाचे धरणार, दादा?"

म्हणजे?

"म्हंजे भत्ता."

त्याचा भत्ता धावलेल्या अंतरावर ठरलाय. मी म्हटलं, मालकाला विचारून ठेव. तो म्हणाला, विचारताव की, आता कळंबोलीतच हाय, नंबर यायला अजून येळ हाय.